वॉर्डात म्हटलेलं एक ‘नाही’

माझ्या सासूबाईंना कुठेही, कुणासाठीही प्रार्थना करायची सवय आहे, आणि मला त्या सवयीची धास्ती होती. जे झालं ते यातूनच झालं, म्हणून आधी हे सांगते.

त्या नगर जिल्ह्यातल्या. जन्म ख्रिस्ती कुटुंबातला, नोकरी मिशनच्या शाळेत, चाळीस वर्षं. सासरे वारल्यावर आमच्याकडे गाझियाबादला आल्या. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, मीही एका सरकारी खात्यात तक्रारींच्या फायली बघते. दोघं सकाळी बाहेर पडलो की सासूबाई खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायच्या. कोणी बाई कण्हताना दिसली की तिच्या डोक्यावर हात, डोळे मिटलेले आणि सुरू. हिंदी त्यांची स्वतःची. “प्रभु तेरेको बरा करेगा, बेटी.” बायकांना आवडायचं. एकीचा अर्धशिशीचा त्रास थांबला म्हणून ती शिऱ्याची वाटी घेऊन आली होती.

मला मात्र घाम फुटायचा. हल्ली दिवस कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. कोण कशाचा काय अर्थ काढेल सांगता येत नाही, आणि तक्रारींच्या फायली बघणाऱ्या बाईला एवढं नक्की ठाऊक असतं की तक्रार करायला फार मोठं कारण लागत नाही. माझी मुलगी म्हणायची, “मम्मी, चिल. आजी फक्त प्रे करते यार.” मी चिल झाले नाही.

जानेवारीत सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अठ्ठ्याहत्तर वय. ऑपरेशन ठरलं. वॉर्ड आठ खाटांचा, खाटांच्या मध्ये एक पडदा. दाखल केलं त्याच दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, “आई, इथे कुणासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. कुणी काही विचारलं तर गप्प बसायचं. नसती भानगड नको.”

“मनात केली तर चालेल ना?” त्यांनी विचारलं.

“मनात काय हवं ते करा.”

ऑपरेशन चांगलं झालं. सहाव्या दिवशी घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुसऱ्या दिवसापासून वॉकर धरून चालायला हवं. दीड महिन्यात चालायला लागल्या नाहीत तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल आणि मग काही खरं नाही. मी फिजिओथेरपिस्ट लावला, खाट खिडकीशी घेतली, संडासात दांडी बसवून घेतली. सगळं झालं. चालायचं तेवढं झालं नाही.

त्या उठायलाच तयार होईनात. दुखतं म्हणावं तर तसंही नव्हतं. फिजिओथेरपिस्टला चौथ्या दिवशी म्हणाल्या, “बेटा, तू घर जा.” तो बिचारा गेला. त्याहून मला खटकली ती दुसरी गोष्ट. जेवणाआधी त्या प्रार्थना करेनाशा झाल्या. ताट समोर आलं की सरळ घास उचलायच्या. एकोणीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. उशाशी पवित्र शास्त्र होतं, त्यावर त्यांनी औषधांचा डबा ठेवला होता. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, “दमलेय रे.” नातीनं विचारलं तर तिला अभ्यासाला पाठवलं.

आमची मराठी उपासना महिन्यातून एकदाच असते, शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता, दिल्लीतल्या एका हिंदी मंडळीच्या चर्चमध्ये. त्यांची सकाळची उपासना झाली की इमारत आम्हाला मिळते. चाळीस-पन्नास माणसं जमतात, निम्मी बदलीच्या नोकरीतली. सासूबाई येऊ शकत नव्हत्या म्हणून पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. आमचे पाळक तिशीतले आहेत, स्वभावानं गरीब, आणि सासूबाईंना जरा घाबरून असतात, कारण त्या उपदेशातल्या चुका काढतात.

“सलाम, आजी.”

“सलाम.”

त्यांनी छोट्या स्टुलावर पांढरं कापड घातलं, भाकरीचा तुकडा मोडला, प्याला पुढे केला. सासूबाईंनी प्याल्याच्या तोंडावर हात ठेवला.

“मला नको. मी घ्यायच्या लायकीची नाही.”

“आजी, लायक कोणीच नसतं.”

“ते मला शिकवू नका, पाळकसाहेब. तुमच्या जन्माआधी मी ते शिकवत होते.”

मग त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी त्या पुरत्या शुद्धीवर आल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पडदा सारून विचारलं होतं, “माताजी, आप ईसाई हो क्या?” आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, “नहीं.”

एवढंच. यजमान पंख्याकडे बघत होते. माझे कान गरम झाले.

पाळकसाहेबांनी योग्य तेच सांगितलं. कोंबडा आरवायच्या आत गुरूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणारा शिष्य होता, त्यालाही क्षमा झाली, तुम्ही तर एकदाच म्हणालात.

“त्याला कोंबडा आरवल्यावर रडू आलं,” सासूबाई म्हणाल्या. “मला कुठे आलं? मी मोसंबीचा रस प्यायले आणि झोपले.”

पाळकसाहेबांनी प्याला स्टुलावर परत ठेवला.

“शेवटपर्यंत टिकून राहील त्याचं तारण, हे वचन मी चाळीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं. नवऱ्याचं आजारपण काढलं, एक लेक पुरली, तरी टिकले. शेवटाला आले आणि एका बाईनं साधं विचारलं तर सुटलं. आता त्या पायाला चालवून काय करू? कुठे जायचंय मला?”

पाळकसाहेब गेल्यावर मी त्यांच्या खाटेवर बसले. माझा स्वभाव गोलगोल बोलायचा नाही. म्हटलं, “आई, चूक माझी आहे. मीच तुम्हाला सांगितलं होतं.”

“तू गप्प बसायला सांगितलंस. खोटं बोलायला नव्हतं सांगितलंस. त्यात फरक आहे, मी मास्तरीण होते.”

म्हणजे माझी कबुलीही त्यांनी तपासून परत केली.

पुढचे तीन आठवडे माझे वाईट गेले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते टिकून राहण्याचं वचन फोनवर काढून वाचलं. लहानपणापासून मी ते परीक्षेच्या सूचनेसारखं ऐकत आले होते: शेवटचा पेपर चुकला की नापास. आता मागचं-पुढचं वाचलं तर ते घाबरलेल्या माणसांना सांगितलेलं दिसलं. तुम्हाला धरून नेतील, लोक द्वेष करतील, पुष्कळांची प्रीती थंड होईल, असं सगळं आधी सांगून मग ते वाक्य येतं. मला ते धीर दिल्यासारखं वाटलं. पण मी काही पाळक नाही, आणि सासूबाई माझ्याकडून शास्त्र शिकणाऱ्यातल्या नव्हत्या. आणखी एक आठवलं. तीनदा नाही म्हणणारा तो शिष्य त्याआधी एकदा पाण्यावर चालायला निघाला होता आणि बुडायला लागला होता. तेव्हा तो टिकला वगैरे काही नाही. वाचव म्हणून ओरडला आणि येशूनं त्याला हात धरून वर काढलं. तारणाची, म्हणजे माणूस वाचवला जाण्याची, शास्त्रातली मला सगळ्यात कळलेली गोष्ट हीच. त्यात बुडणाऱ्याकडून ओरडण्यापलीकडे काही मागितलेलं नाही.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तो ओरडला तरी. मी काय केलं?”

दीड महिन्यानं एक्स-रेसाठी बोलावलं होतं. सासूबाई व्हीलचेअरवर, चेहरा भिंतीकडे. ओपीडीत निदान पन्नास माणसं बसली होती. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “अरे, माताजी!”

शेजारच्या खाटेवरचीच बाई. साठीची, अंगानं भरलेली, हातात वॉकर, बरोबर सून. तिचं ऑपरेशन आमच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच बसतात, म्हणून दोघींना एकच तारीख मिळाली होती. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

सासूबाई ताठ झाल्या. “मला तिच्याकडे ने.”

“कशाला?”

“खोटं बोलले ते निस्तरायला.”

पन्नास माणसं. दाराशी गार्ड. माझे हात व्हीलचेअरच्या मुठींवर होते आणि मी हलवली नाही तर ती हलणार नव्हती. खरं सांगायचं तर मी तीन-चार सेकंद उभीच राहिले. मग ढकलली.

सासूबाईंनी त्या बाईचा हात धरला. “बेटी, उस दिन तुमने पूछा था मैं ईसाई है क्या. मैं नहीं बोली. झूठ बोली. मैं ईसाई है. जन्म से है. माफ कर.”

बाई हसायलाच लागली. “लो! ये तो पूरे वॉर्ड को पता था, माताजी.”

“क्या पता था?” मी विचारलं.

“ऑपरेशन से जब इनको लाए, बेहोशी में दो घंटे ‘येशू, येशू’ करती रहीं. मेरी बहू पूछे, मम्मी, ये आंटी किसको बुला रही हैं, बेटे का नाम है? मैंने कहा, चुप कर, अपने भगवान को बुला रही हैं. तभी तो मैंने पूछा था.”

मी त्या दोन तासांत खाली औषधं आणायला आणि बिलाच्या रांगेत होते. यजमान डॉक्टरांच्या मागे. आमच्यापैकी कोणीच ऐकलं नव्हतं.

“पता था तो फिर पूछा क्यों?” मी म्हटलं.

“अगले दिन मेरा नंबर था ना. जान सूख रही थी. सोचा, पूजा-पाठ वाली हैं, मेरे लिए भी दो शब्द बोल देंगी. इन्होंने मना किया तो मैंने सोचा, थकी हैं बेचारी.”

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा आधीपेक्षा पडला. त्यांना तेव्हा कळलं की घाबरलेली बाई त्यांच्याकडे मदत मागत होती. “अब बोलूँ?” त्यांनी विचारलं.

“बोलो जी, बिल्कुल बोलो. अब चलने से डर लगता है.”

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत प्रार्थना केली. चार-पाच वाक्यं, आवाज नेहमीचा, म्हणजे मोठा. मी डोळे उघडे ठेवून गार्डकडे बघत होते. समोरच्या माणसानं मान वर केली आणि परत फोनमध्ये घातली. एका म्हातारीनं हात जोडले. पुढचा टोकन नंबर पुकारला गेला. बस. ज्याच्या भीतीनं मी त्यांचं तोंड बंद केलं होतं, ते एवढंच होतं. उद्या दुसरीकडे कुठे वेगळं होऊ शकतं, हे मला कळतं. त्या दिवशी एवढंच होतं.

एक्स-रे चांगला आला. परतताना टॅक्सीत त्यांनी एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, “बेशुद्धीत बोललेलं काय धरायचं?”

“शुद्धीत बोललेलं एक ‘नाही’ तुम्ही दीड महिना धरून बसलात. मग हेही धरा.”

“मला तर पत्ताच नव्हता गं.”

“तुम्हाला नव्हता. वॉर्डाला होता.”

हिंडन नदीचा पूल येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. “म्हणजे मी नाही म्हणायच्या आधीच त्याला हाक मारून झाली होती,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “टिकायचं काम माझ्या एकटीवर नव्हतं तर.”

मी पर्समध्ये टॅक्सीचे पैसे मोजायला लागले. बोलले असते तर रडले असते आणि मला ते टॅक्सीत करायचं नव्हतं. छातीवरचा एक दगड मात्र उतरला होता, तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त असावा.

“तो व्यायामवाला पोरगा उद्या येतो का?”

“तुम्ही त्याला हाकललंत.”

“मग बोलाव ना. बघतेस काय?”

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या चर्चच्या पाच पायऱ्या वॉकरसकट चढल्या. पंधरा मिनिटं लागली. नात मागून “आजी, स्लो, स्लो,” करत होती आणि यजमान उगाच सगळ्यांना बाजूला व्हायला सांगत होते, समोर कोणी नसताना. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन त्यांच्या बाकाशी आले. सासूबाईंनी दोन्ही घेतलं. प्याला कलला आणि पांढऱ्या साडीवर द्राक्षरसाचा चांगला मोठा डाग पडला. मी पर्समधून रुमाल काढून पुसायला लागले.

“राहू दे गं,” त्या कुजबुजल्या, म्हणजे दोन बाकांना ऐकू जाईल असं. “गीत सुरू झालंय. आणि तुझ्या गीतपुस्तकाचं पान चुकलंय.”