सासूबाईंचं मशीन कापसाच्या खोलीत

लग्नाच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "या घरात आधी कापसाची सोय, मंग माणसाची."

आता त्यांनाच दमा आहे. म्हणून त्यांच्या ओलसर खोलीसाठी हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर घेतला. आज तो पडद्यावर 'ई-३' हा बिघाडाचा कोड दाखवून बंद पडला. पुस्तिकेत लिहिलं होतं, फिल्टर तपासा. उघडला तर आत ओल्या कापसाच्या तंतूंचा काळा, बुरशीचा लगदा.

नवरा म्हणाला, "तू शाळेत शिकवायला गेली का मशीन कापसाच्या खोलीत लावत होतो. पांढुर्ण्याच्या बाजारात नेईपर्यंत वाळला पाहिजे ना!"

"अन् रोज संध्याकाळी हेच आईंच्या उशाशी?"

"मंग? चालूच तर होतं!"

फिल्टर धुऊन, वाळवून लावला. मशीन सुरू झालं, पण किळस जात नाही.

मैत्रिणींनो, सासूबाई कापसाचीच बाजू घेतील, हे मला ठाऊक आहे. तरी आता त्यांच्यापाशी बसून म्हणणार आहे, "आई, तुमचं मशीन कोणाला नेऊ देऊ नका."