मामाजींचा गडी

आमचा भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी नेरला सरकी काढायच्या एका जिनात काट्यावर होतो. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायच्या. सासुरवाडी फुलसावंगीची. यवतमाळला एक गाडी बदलायची, पुसदला दुसरी, आणि शेवटी मामाजींनी पाठवलेल्या बैलांच्या दमणीत बसून जायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. पहिल्या लढाईच्या काळात ते पलटणीत खेचरं सांभाळायला होते, आणि छावणीतल्या सोल्जरांची बॉक्सिंग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मी ती फक्त वाचली होती. वाचनालयात दुपारच्या गाडीनं नागपूरचं वर्तमानपत्र येई, त्यातल्या खेळाच्या पानावर.

एवढ्यावर आमचं जमलं. संक्रांतीच्या सुमाराला मी दोन दिवस जात असे. तेव्हा खळं चालू असायचं. शेणानं सारवलेल्या गोल खळ्यात बैल मधल्या मेढीच्या खांबाभोवती फिरत राहायचे, ज्वारीची कणसं पायाखाली मोडत राहायची, आणि आम्ही दोघं कडब्याच्या गंजीला टेकून ऊन खात पडायचो. जेवण अंगावर आलेलं असे. हवेत भुसा तरंगत असे. त्या भुशातून मला हळूहळू दोन माणसं दिसू लागत.

एक मामाजींचा गडी. त्यांच्या तरुणपणीचा जगज्जेता, जाड मिशीचा. त्याचं चित्र म्हणे बराकीतल्या भिंतीला लावलेलं होतं. दुसरा माझा, वर्तमानपत्रातला, आत्ताचा. दोघांच्या मध्ये चाळीस वर्षं होती, एक मेला होता, तरी आमच्या खळ्यावर ते वेळेवर हजर होत. मी काट्यावरचा माणूस, त्यामुळे आधी दोघांचं वजन करायचो. मग खळ्याच्या कडेनं दोर आवळायचो. रिंग म्हणजे गोल, हे मी धरूनच चाललो होतो, आणि खळंही गोलच होतं. माझा गडी मेढीला वळसा घालून मागून येई. मामाजींचा तिथंच उभा राही, जसा खेचराच्या पुढ्यात माणूस उभा राहतो तसा, न हलता. एक बुक्की मी सांगायची, एक त्यांनी. बैलांच्या फेऱ्यांवर आमचा वेळ चाले. ऊन कलता कलता मामाजी डोळे मिटून घेत आणि म्हणत,

"पडला जी जवाईबापू. आमचा पडला."

दर वेळी तोच पडे. मला फार सुख वाटे. खोटं कशाला सांगू, परतीच्या प्रवासात शेजारच्या माणसालाही मी सांगत असे की आमचे सासरे इतकं पाहिलेले, पण माझ्यापुढं त्यांचं काही चालत नाही.

तिसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात एका सामन्याचं छायाचित्र आलं. रिंग चौकोनी होती. चार खांब, चार कोपरे. मी ते पान डोळ्यांजवळ धरून किती वेळ बसलो होतो. माझ्या गड्याचे सगळे वळसे, सगळं मागून येणं, त्या चार कोपऱ्यांत कुठं बसतच नव्हतं. आणि मामाजींनी तर हे पाहिलेलं होतं. घरी येऊन मी बायकोला विचारलं, तुझ्या बाबांनी मला सांगितलं कसं नाही? ती ज्वारी पाखडत होती. तिला हसू आलं.

"बाबाले सारं मालूम हाये. पण जवायाचं चुकलं असं थे कसं म्हणतीन? तुम्ही काय समजले, तुम्ही जिंकून राह्यले? थे तुमाले जिंकू देते."

मग सूप थांबवून म्हणाली की त्या मिशीवाल्याचं चित्र बाबांनी पलटणीतून ट्रंकेत घालून आणलं होतं, आणि ती लहान असताना बाबा सांगत त्या लढतींत तो कधीच हरत नसे.

त्यानंतर मला चैन पडेना. पुढच्या संक्रांतीला मी ठरवूनच गेलो. पहिल्याच फेरीत म्हटलं, माझ्या गड्याचा पाय मुरगळला. मामाजी तत्काळ म्हणाले, त्यांच्याचा डोळा सुजून बंद झालाय. मी म्हटलं, माझ्याला धाप लागली. त्यांच्याचा खांदाच निखळला. अशी दोन लुळीपांगळी माणसं एकमेकांसमोर डुलत राहिली, आणि बैल सोडायची वेळ झाली तेव्हा मामाजींनी घाईघाईनं आपल्याला आडवं पाडून घेतलं. सासुरवाडीत जावयाला हरवायचं नाही, म्हणजे नाही.

तेव्हा मला वाटलं, ते माझ्या घरी येतील तेव्हा हे जमेल. माझ्या घरी ते पाहुणे. पण ते येत ते कसे? मुलीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही त्यांच्याकडची रीत, आणि आमच्याकडे मूल नव्हतं. ते स्टँडवरच्या पाणपोईवर पाणी पिऊन येत, फडक्यात बांधून आणलेली भाकर ओट्यावर बसून खात, आणि मुलीला डोळे भरून पाहून तहानलेलेच शेवटच्या गाडीनं परत जात. मी तेव्हा एकदा म्हटलं, मामाजी, इथं तरी तुमचा जिंकू द्या. ते जमिनीकडे पाहत म्हणाले,

"पोरीच्या घरचं पाणी नाही घेत जी मी. अन् हे घेऊ?"

आत बायको उभी होती. तिनं ऐकलं. त्या वर्षांमध्ये माझ्या नात्यातल्या बाया तिला काय काय बोलत, ते मी ऐकत होतो. तिच्यात काही कमी असेल असं त्या म्हणत. माझ्यात असेल असं कुणी म्हणत नसे, आणि मीही म्हणालो नाही. मेलेल्या माणसाला उठवून जिवंत माणसाशी लढवणारा मी, स्वतःच्या ओसरीवर कधी एक शब्द बोललो नाही.

सातव्या वर्षी मुलगी झाली. बाळंतपण फुलसावंगीला झालं. हिवाळा सरता सरता मामाजी स्वतः दोघींना घेऊन नेरला आले. बायकोनं तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला. ते उकिडवे बसले, तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि वरून तोंडात धार धरून सगळा एका दमात प्यायले. पाणी मानेवरून सदऱ्यात गेलं. मग मिशा पुसून माझ्याकडे पाहिलं.

"लढवू काय जी आता?"

मी खडूनं अंगणात चौकोन काढला. चार कोपरे नीट मोजूनमापून. मामाजींनी तो पाहिला, आणि प्रथमच त्यांचा गडी जागचा हलला. तो चालला. मला दिसला तो, दुपारच्या उन्हात, पांढऱ्या रेघांच्या आत; जाड मिशी, खाली ठेवलेला डावा हात. माझा वळसा घालायला गेला तर तिथं कोपरा होता. कोपऱ्यात मामाजींच्या गड्यानं त्याला गाठलं. मामाजी अगदी हळू आवाजात सांगत होते, जणू कुणाला जाग येईल. एक पोटात, एक हनुवटीखाली. माझा गडी खाली बसला, मग आडवा झाला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण वाईट वाटलं, हे खरं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा मोजेपर्यंत उठायला वाव असतो. मामाजी मोजू लागले. एक मोजायचे आणि थांबायचे, दोन मोजायचे आणि तांब्याकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे. इतकं सावकाश की माझा गडी निजून उठला असता. नवावर येऊन ते थांबले ते थांबलेच. अंगणात नुसतं ऊन होतं.

बायको दारात मुलीला खांद्यावर थोपटत उभी होती.

"दहा," ती म्हणाली.

मामाजींनी मान खाली घातली. काहीतरी चोरून घेतल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मग त्यांनी रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला, आणि तिनं तो पुन्हा भरून आणला.