चेंबरचा बोल्ट आणि बादलीभर पाणी

मंडळी, आज सकाळपासून माझा लई जळफळाट चाललाय.

शेजारचे संतोषभाऊ गाडीचं ऑइल घरीच बदलतात आणि आमची ही गॅलरीतून कौतुकानं बघते. म्हणून आज मीही गाडीखाली शिरलो. जुनं ऑइल काढलं, इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, म्हणजे चेंबरचा बोल्ट परत बसवला आणि गळायला नको म्हणून पान्ह्यावर सगळा जोर लावला. बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला. आटे गेले.

हिनं वरून बघितलं आणि थेट हाक मारली, "भावजी, जरा येता का? यांनी काहीतरी करून ठेवलंय."

संतोषभाऊ लासूर गावी ट्रॅक्टर दुरुस्त करत वाढलेले. त्यांनी थोड्या मोठ्या मापाचे नवे आटे पाडले, जाड बोल्ट बसवला, नवं ऑइल ओतलं. गळतंय का, हे मी चारदा वाकून बघितलं. खरं सांगतो, गळावं असंच वाटत होतं. नाय गळलं.

पण दुखणं वेगळंच आहे. आमच्या इथं बायपासपलीकडं कॉलन्या वाढल्या, पाणी नाय वाढलं. त्यात हा दुष्काळ, नळ आठव्या दिवशी येतो. मी हात धुवायला पाणी मागितलं तर ही म्हणाली, "जुन्या बनियनला पुसा." त्यांच्यासाठी मात्र बादली भरून आणली आणि स्वतः तांब्यानं हातावर धार धरली.

"बास की वहिनी, किती पाणी."

"धुवा हो भावजी, पाण्याचं काय एवढं."

बारा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझे हात अजून काळेच आहेत. तुमच्या घरी "पाण्याचं काय एवढं" कोणाला म्हणतात?