गफूरभाईची पत्ती

दोन हजार बावीसचा वैशाख. कोरोनानंतरची भरगच्च लग्नसराई. माझा बँड नांदेडकडच्या लोहा गावचा. बँडवाला सगळ्यांच्या दारात जातो, आत कुणाच्याच जात नाही. म्हणून त्याच्याकडं किस्से साठतात. आमच्याकडचे बहुतेक थुंकीचेच आहेत.

*

जळकोटला नवरीच्या काकांनी फर्मान काढलं, "बँडवाल्यांनी मास्क लावूनच वाजवायचं."

मी म्हणालो, "साहेब, क्लॅरिनेट नाकानं वाजत न्हाई."

"ते तुमचं तुम्ही बघा. तुमची थुंकी उडती!"

माझ्या शेजारी गफूरभाई क्लॅरिनेट वाजवतो. माझ्याहून वयानं मोठा. तो म्हणाला, "मास्तर, नुसता ढोलच वाजवू. ढोल थुंकत न्हाई."

काकांचा स्वतःचा मास्क हनुवटीवर होता. पंगतीत ते वाढप्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत होते.

*

दुसऱ्या एका गावात चहा आला. पाहुण्यांना कपात, आम्हाला कागदी पेल्यात. वर सांगणं, "राग मानू नका, इन्फेक्शन लई वाढलंय."

माझ्या बापाला त्याच गावात वरून ओंजळीत पाणी ओतत. तेव्हा हा शब्द आला नव्हता. विटाळ म्हणत.

*

पावसाळ्यात गफूरभाईला खोकला लागला. नांदेडला सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत त्याचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला!

टांगणारा माझाच भाचा संतोष, कॉर्नेटवाला. कागदी पेल्यावरून सगळ्यांत जास्त तोच भडकला होता.

"मामा, ह्याचं उष्टं आपल्या पोटात जाऊन राहिलं. काढा ह्याला बँडमधून."

*

संतोषला घेऊन त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "लाळेतून रोग पसरतात, हो. सर्दी, गालफुगी, कोरोना. पण टीबी कपातून, ताटातून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो. गोळ्या पुऱ्या होऊन तपासणी साफ आली की खुशाल वाजवू द्या."

बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, "त्यांचं काय जातंय सांगाया? त्यांला थोडाच त्याच्यासंगं चहा प्यायचाय!"

*

माघात गफूरभाईच्या गोळ्या संपल्या. तपासणी साफ आली. लोह्यातच वरात होती. तो इस्त्रीचा ड्रेस घालून आला. पोरं बाजूला सरकली.

संतोष म्हणाला, "तो वाजवणार असंल तर आम्ही न्हाई."

नवरदेव घोड्यावर. लोक खोळंबलेले. गफूरभाई म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. मी मागं खुळखुळा हलवतो."

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती तोंडात भिजवल्याशिवाय बोलत नाही. मी लहान असताना मला हे वाद्य कुणी शिकवायला तयार नव्हतं. गफूरभाईनं स्वतःच्या तोंडातली भिजलेली पत्ती काढून माझ्या तोंडात दिली होती. त्यावरून स्वतःच्या बापाचा मार खाल्ला त्यानं.

मी त्याच्यापुढं हात केला. "पत्ती द्या."

"मास्तर, उष्टी हाय."

"द्या म्हणलं ना!"

त्याची पत्ती मी तोंडात घातली. माझ्या क्लॅरिनेटची भिजलेली पत्ती काढून त्याला दिली.

"वाजवा."

त्यानं सूर धरला. ऋण फिटलं.