माइकवर जाखडी म्हणायचं

तुर्भ्याच्या कारखान्यातून त्या संध्याकाळी परतलो तो इतका थकून, की माझी सावली खाली गेटपाशीच बसली आणि मी एकटाच लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेलो. घरात बाबा पायाला घुंगरांचा चाळ बांधून तयार. सोसायटीच्या गणपतीत नाचायचं म्हणून त्यांनी अशी तालीम केली होती की अख्खं नेरूळ वीतभर खाडीकडे सरकलं. खोटं वाटत असेल तर सारसोळ्याच्या कोळ्यांना विचारा.

"खाली काय लावलंय, बघितलंस?"

बघितलं होतं. सेक्रेटरींनी हौसेने भलामोठा फ्लेक्स लावला होता, 'कोकणचा बाल्या डान्स'.

"सगळे तेच म्हणतात, बाबा."

"नाचाचं नाव जाखडी. एकमेकांत जखडून फेर धरायचा, म्हणून जाखडी. बाल्या मी होतो."

कोकणातून मुंबईत घरकामाला आलेल्या पोरांच्या कानांत बाळी असायची. त्यावरून मालकलोक सरसकट 'ए बाल्या' करायचे. नाव विचारतो कोण! भांडी घासता घासता बाबांनी अर्धं आयुष्य त्याच हाकेला ओ दिली. बाळी कधीच गेली, कानाचं भोक राहिलं.

"माइकवर जाखडी म्हणायचं. नायतर मी उतरनार नाय."

खाली मंडपात सेक्रेटरींनाही त्यांनी हेच ऐकवलं. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाले, "काका, टेन्शन नको. तुमचा मुलगाच सांगेल. नाहीतरी त्याचं तोंड कुठे बंद असतं?"

मग काय, उभं राहण्याचं त्राण नसताना मी माइक धरला. जाखडी म्हणजे काय ते सांगितलं. आमच्या गावचा फेर इतका घट्ट, की वादळाला आत शिरता आलं नाही, बिचारं वळसा घालून गोव्याला गेलं, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. बाबा उतरले आणि नाचले, ते असे की तरण्या गड्यांना धाप लागली.

फेर थांबला. मागून कोणीतरी अगदी प्रेमाने ओरडलं, "ए बाल्या, वन्स मोअर!" मग सगळेच ओरडू लागले, हसत, टाळ्या पिटत.

बाबा स्टेजच्या पायरीवर बसले. चाळ सोडून माझ्या हातात दिला.

"दमलात?"

"पाय नाय दमले."

पुन्हा सगळं समजावून सांगायचं? कुणाला, आणि कितीदा? मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "माफी असावी मंडळी, चाळ तुटला."

चाळ माझ्या हातात होता आणि माइकमधून छान वाजत होता.