चमच्याचं चित्र

चमच्याचं चित्र दादासाठी होतं, उत्तर मी देऊन टाकलं. पक्षाघाताने माझ्या या थोरल्या भावाचे शब्द नेले. आता रोज सकाळी गोळी, आणि मग वाचा-उपचाराच्या बाईंसमोर तीन तास चित्रं ओळखणं.

"काका, तुमची वाचा शाबूत आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी माझा फोटो पुढे धरला. दादा पाहत राहिला. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तशी ती शांतता. ज्याने जन्मभर हाक मारली त्याच्याकडेच आपलं नाव उरलं नसेल, तर आपण कोण? मी खुर्चीच्या कडेला सरकलो. शेवटी मीच ओरडलो, "माधव!"

घरी येताना, तिथे मागे बसून सगळं पाहिलेली बायको म्हणाली, "दादा ओठ जुळवत होते हो. आणखी दोन मिनिटं घाबरत बसला असतात, तर काय बिघडलं असतं?"