आईच्या आधारचा नंबर

आईचं आधार कार्ड निघालं तेव्हा मी ऊसतोडीला गेलो होतो. कॅम्प तिसगावच्या शाळेत होता. मोबाईल नंबर विचारल्यावर आईनं धाकट्या भावाचा दिला. मी रागावलो तर म्हणाली, "तुझा नंबर दर हंगामाला बदलतोय. कोन्ता सांगू?" खोटं नव्हतं. कारखान्यावर गेलो की मी नवं सिमकार्ड घ्यायचो, परतलो की फेकून द्यायचो.

आता मी गावातच असतो. आईच्या गोळ्या, अंघोळीचं पाणी, सगळं माझ्या घरात. धाकटा नगरला नोकरीला. पण आईचं आधार मोबाईलवर उतरवायचं म्हटलं की ओटीपी त्याच्याकडे जातो. तो आकडे सांगायला आईलाच फोन लावायचा. गप्पा आधी, आकडे शेवटी. त्यात ओटीपीची मुदत संपायची आणि दोघं खळखळून हसायची. माझ्याशी ती तसं हसत नाही. मी समोर बसून जळायचो.

मोतीबिंदूच्या शिबिरात आईचा नंबर लागला. जुनं कार्ड पुसट झालेलं. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मोबाईलमधलं चालेल, पण बाराच्या आत दाखवा." मी बाकावर बसून आधार नंबर टाकत होतो. शेजारच्या म्हातारीला आई सांगत होती, "माझा धाकटा लई गुनाचा. आपरेशनचा काळा चष्मा आधीच घेऊन ठेवलाय त्यानं."

"आन ह्यो?"

"ह्यो थोरला. घरीच आसतो."

मी ओटीपीचं बटण दाबलं. आईचा फोन माझ्याच खिशात होता. मिनिटभरात त्यावर धाकट्याचा फोन आला. मी आवाज बंद केला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला. मी पडद्यावर त्याचं नाव बघत राहिलो आणि उचलला नाही.

"आला का नंबर?" आईनं विचारलं.

"न्हाई. फोनच उचलत न्हाई त्यो."

"कामात आसंल बिचारा."

बारा वाजले. आईच्या जागी दुसऱ्या बाईला आत घेतलं. माझं कोपर धरून आई घरी आली. पुढचं शिबिर दोन महिन्यांनी होतं. मधल्या काळात एकदा चहाचं पातेलं तिला नीट दिसलं नाही, हात भाजला. मलम मीच लावत होतो. तरी तोंडातून खरं निघालं नाही.

पुढच्या वेळी धाकटा रजा काढून आला. शेजारी बसून त्यानं ओटीपी सांगितला, मी आधार उतरवून घेतलं. ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून आई त्याला म्हणाली, "मागच्या टायमाला फोन उचलला आस्ता तर माझा हात भाजला नस्ता रं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे तीन फोन त्यालाही आठवत असणारच.

"व्हय आये," तो म्हणाला, "कामात हुतो. चुकलं माझं."

आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला, तोच भाजलेला. मी दोघांसमोर उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या क्षणीही माझं सगळं लक्ष तो हात कुणाच्या गालावर आहे याकडेच होतं.